गौरांगच्या नावाची दोन उत्तरं

पुणे, ११ फेब्रुवारी २०२५

ती. विष्णूकाकांस,
अवंतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

ई-मेललाही मायना हवाच, ही तुमची शिस्त पाळते आहे. आमच्या कंपनीतल्या लिनक्सवाल्याच्या जागेची जाहिरात मीच तुमच्या सदर बाजारातल्या, लिनक्स शिकणाऱ्या रविवार-मंडळाला पाठवली होती. परीक्षा साधीच होती: सर्व्हरची डिस्क जुन्या नोंदींनी भरत जाते, काहीही बंद न पाडता ती साफ करणारी स्क्रिप्ट लिहा. तपासणाऱ्याला नावं दिसत नाहीत. काल निवड झाल्यावर नावं उघडली. आपल्या गौरांगच्या नावाने दोन उत्तरं! एका नावाची दोन आली की नियमाने दोन्ही बाद. साहेबांनी माझ्यासमोरच ती काढून टाकली. तो माझा चुलतभाऊ, म्हणून मला मध्ये पडताही येईना.

काका, एका उत्तरात दर चार ओळींनी ‘तपासले, ४७’ असं लिहिलंय. कारखान्यात तपासनीस असताना ४७ हा तुमचाच शिक्का ना? माझा अजून विश्वास बसत नाही. खरं काय ते लगेच कळवा.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
अवंती

जबलपूर, १२ फेब्रुवारी

चि. अवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिक्का माझाच. सवयीने पडला, बघ.

गौरांग इथून जवळच्या पाटन गावी धान्याच्या आडत्याकडे संगणक सांभाळतो, रोज बसने जाऊन-येऊन करतो. जाहिरात दाखवली तर मान वर न करता म्हणाला, की आपल्याच्यानं नाही होणार. मंडळात मला सारे गुरुजी म्हणतात, आणि गुरुजींचा मुलगा आडत्याकडे! म्हणून त्याच्या नावाने मीच भरून टाकलं. एकदा बोलावणं आलं की पुढचं निभावेल, असं वाटलं. त्याने गुपचूप स्वतःही भरलं होतं, हे तुझ्या पत्रातूनच कळलं. एकतीस वर्षं लोकांचा माल नापास करणारा मी, आणि हे करून बसलो!

त्याला सगळं सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. काहून केलं बाबा, एवढंच विचारून बस पकडायला निघून गेला. तुझी काकू, सुनेत्रा, माझ्याशी बोलत नाही.

माझा हा कबुलीजबाब साहेबांना दाखव. माझं उत्तर निवडलं असेल तर तसं स्पष्ट लिही, लपवू नकोस. त्याचं कुठे कमी पडलं तेही कळव, मी शिकवीन त्याला.

या वेड्या काकाला मनातून उतरवू नकोस.

विष्णूकाका

पुणे, १४ फेब्रुवारी

ती. काकांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

साहेबांना पत्र दाखवलं. ते हळहळले, पण जागा कालच दुसऱ्याला दिली गेली.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, रागावू नका. तुमचं दोनशे ओळींचं उत्तर पहिल्याच चाळणीत गळलं होतं. शेरा होता, की लिनक्समध्ये आधीपासून असलेलं टूल सोडून सगळं नव्याने घडवत बसलेत. गौरांगने तेच टूल अकरा ओळींत वापरलं. नावं उघडायच्या आधी निवडलेलं उत्तर त्याचं होतं, काका.

हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा.

आहे तसाच लोभ ठेवावा.

तुमची,
अवंती