पोचल्याचं पत्र

४ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू त्या बेटावर जुन्या घरांची मापं घ्यायला गेलीस हे तुझ्या बाबाकडून कळलं आणि माझा नवा गुडघा जागच्या जागी उड्या मारायला लागला. डॉक्टरांनी मात्र एवढ्यात होडीचं नाव काढायचं नाही असं बजावलंय. म्हणून माझं एक काम तुझ्या गळ्यात मारते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी रडते आणि तू घाईत असतेस.

तुझ्या आजोबांची बदली त्या बेटावर झाली तेव्हा मी आठ वर्षांची. आईला दिवस गेलेले, अंथरुणातून उठायला बंदी. आजोबा दिवसभर बंदराच्या कचेरीत. माझं जेवण, अभ्यास, वेणी सगळं पाहिलं ते शिडं शिवणाऱ्या मावशींनी. नात्याच्या ना गोत्याच्या. एका संध्याकाळी आईचं अचानक बिघडलं. मावशींनी हातातलं अर्धवट शिवलेलं शीड पसरलं, त्यात आईला निजवून चौघांकडून उचलवून धक्क्यावर नेलं, आणि वारा उलटा आहे म्हणून अडून बसलेल्या होडीवाल्याला असं फैलावर घेतलं की तो निमूट निघाला. आम्ही गेलो ते गेलोच. आजोबाही रजा घेऊन आमच्याबरोबरच राहिले, आणि पुढे त्यांची बदलीही पलीकडेच झाली.

मावशींचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. त्या असल्या तर माझे आभार सांग. नसल्या तर तेही कळव. हे राहून गेलं तर मला चैन पडायचं नाही.

मी हरवू नये म्हणून त्यांनी घोकून घेतलेली वाट अजून तोंडपाठ आहे. धक्क्यावरून उजवा, विहिरीशी डावा, कमानीतून उजवा, मग पायऱ्या वर, निळं दार.

वेळेवर जेवत जा. उन्हात टोपी घाल, फॅशन नंतर.

तुझी,
आत्या

११ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या वाटेने गेले आणि समुद्रात पडता पडता वाचले!

धक्क्यावरून उजवीकडे वळले. विहीर कुठली, एक गंजका हातपंप होता. म्हटलं चालवून घेऊ. डावा घेतला. गल्ली इतकी अरुंद की समोरून पिंप ढकलत येणाऱ्या माणसासाठी मला एका परक्या घरात शिरावं लागलं. तिथल्या आजींनी आधी पाणी दिलं, मग कोण म्हणून विचारलं. पुढे दोन्ही बाजूंना दगडी गोदामं, भिंतींत जुन्या जहाजांच्या लोखंडी कड्या, आणि उंबरे मधोमध झिजून खोलगट झालेले. कमान शेवटपर्यंत नाही. शेवटी तटाची भिंत, तिला भगदाड, आणि खाली लाटा.

तीनदा पुन्हा धक्क्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या वेळी न्हावीदादांनी वस्तरा थांबवून मला हाक मारली. या बाजूला शिडं शिवणारं कोणी कधीच नव्हतं असं ते म्हणाले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीनिशी दुजोरा दिला.

आत्या, खरं सांग, गाव तरी हेच ना? की गुडघ्याबरोबर डॉक्टरांनी आणखी काही बदललं? चेष्टा करतेय. पण काम महिनाअखेरीला संपतं आणि मग मला निघावं लागेल. त्याआधी त्या सापडायला हव्यात असं आता मलाच वाटायला लागलंय.

तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस),
ठमी

१६ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हसून हसून पोटात दुखलं, आणि मग कपाळाला हात लावला. उत्तर लिहायला बसले, पेन उचललं, आणि हाताकडे बघतच राहिले. अगं, मी डावखुरी!

लहानपणी मला डावंउजवं कळायचं नाही. तेव्हा मावशींनी सोपी युक्ती सांगितली, पेन्सिल धरतेस तो उजवा. साऱ्या गावाची पोरं उजव्या हाताने लिहिणारी, त्यांना सुरुवातीला काय कल्पना. वाटेने चालताना प्रत्येक वळणाला हात बघून उजवा की डावा ते मीच म्हणायचे. पुढे शाळेत बाईंनी माझे हात सरळ केले, पण ती वाट तोवर तशीच पाठ झाली होती आणि पाठ झालेलं कोण तपासून बघतं!

तेव्हा सगळं उलट कर. आणि हे तुझ्या बाबाला कळता कामा नये. जन्मभर चिडवेल.

लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझं.

आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सापडल्या. आहेत. ठणठणीत आहेत.

धक्क्यावरून डावीकडे वळले तर विहीर हात पसरून उभी. उजवा, मग कमान, डावा, आणि पायऱ्या. दार हिरवं आहे. तो रंग सुनेने निवडला आणि आपल्याला मुळीच पसंत नाही, हे मावशींनी मला नंतर दोनदा सांगितलं.

त्या जमिनीवर बसून दुकानाच्या छपरासाठी जाड कापड शिवत होत्या. माझ्या गळ्यातली टेप बघून मी नगरपालिकेची आहे अशा समजुतीने त्यांनी आधी नाली तुंबल्याची तक्रार केली. मी तुझं नातं सांगितलं, आठ वर्षांची डावखुरी मुलगी, शिडातून नेलेली तिची आई. त्यांची सुई थांबली. आभाराचं माझं वाक्य तयार होतं, पण त्यांनी ते बोलूच दिलं नाही. तिची आई जगली का, असं विचारलं. मग अगदी हळू, आणि बाळ?

आत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. होडीवाल्याने आजीला दवाखान्याच्या दारात सोडलं, पुढचं त्यालाही ठाऊक नाही. कितीतरी दिवस त्या टपालवाल्याला विचारायच्या, पोचल्याचं पत्र आलं का. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. उलट्या वाऱ्यात आपण हट्टाने होडी सोडायला लावली, त्यानेच घात झाला, असं मनात धरून राहिल्या. ज्या कामासाठी तू त्यांना दुवा देत आलीस, त्याच कामाचं ओझं त्या वाहत होत्या.

मी सांगितलं, आजी म्हातारी होऊन गेली, मला वेणी घालायलाही तीच होती. आणि त्या बाळाची मी मुलगी. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तळव्यावर सुई दाबायचं चामडं तसंच बांधलेलं होतं, ते गालाला टोचलं, पण मी हलले नाही. मग आम्ही दोघीही यथेच्छ रडलो.

तुझे आभार शेवटी पोचवले. ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मला जेवायला बसवलं.

बाबांना फोनवर हे सारं सांगितलं. तुझं उजवंडावंही ओघात निसटलं, माफ कर. पण ते हसले नाहीत. मावशींचा पत्ता विचारला आणि फोन ठेवला.

तुझी,
ठमी

२२ जानेवारी

ती. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

आपण मला पाहिलेलं नाही. आपण आईला शिडात निजवून होडीत ठेवलंत, तेव्हा मी तिच्या पोटात होतो. हे पत्र तेव्हाच यायला हवं होतं. आमच्या घरून ते राहिलं.

होडी वेळेत पोचली. उशीर झाला असता तर दोघंही हाती लागलो नसतो, असं डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं. लहानपणी मी हट्टाला पेटलो की आई म्हणायची, तुझ्यासाठी एक बाई वाऱ्याशी भांडली आहे, तू मला काय घाबरवतोस. तिने आपल्याला कधी दोष दिला नाही. दोष नव्हताच.

ताईचा गुडघा चालता झाला की तिला घेऊन येतो.

आई आणि मी सुखरूप पोचलो. काळजी नसावी.

आपलं,
बाळ