मुकादमाचं दोनदा जेवण

ताई,

मुकादमाला डॉक्टरांकडे घेऊन जातेय. रात्रभर ओकतोय बिचारा बोका, आता मान वर करायचंही त्राण नाही. डब्यातलं त्याचं खाणं फेकू नकोस, तपासायला पाठवायचंय. त्या खाण्याच्या कंपनीनेच माल परत मागवलाय, बुरशी निघाली म्हणे. पिशवीवरचा नंबर पडताळून बघा म्हणतात. आपण पिशवी फोडली की डब्यात ओततो आणि टाकून देतो. बघणार काय, कप्पाळ!

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, दिवसाला किती खातो? मी छातीठोकपणे सांगितलं, एक वाटी. फोन ठेवला आणि सिंकमधली तुझी वाटी दिसली. आपला अबोला सुरू झाल्यापासून तो लबाड दोघींपुढे उपाशी असल्यासारखा ओरडतोय, आणि दोघीही घालतोय. विचारणार कोण कोणाला? ते सडकं खाणं दुप्पट गेलं त्याच्या पोटात.

बाबांची खोली तूच घे. माझ्यात आता भांडायची ताकद नाही.

कामावरून सुटलीस की तडक दवाखान्यात ये. वाटी किती भरायचीस, ते मला नको सांगूस हवं तर, डॉक्टरांना तरी सांग.