कॉम्प्युटरचं झबलं

रविवार, संध्याकाळ. कोपरच्या घरी.

आठवडाभर मी मूर्खासारखा व्होल्टेज कमी-जास्त करत बसलेलो. प्रोसेसरचा स्पीड वाढवायचा, सकाळी त्याला पूर्ण राबवणारी टेस्ट लावून ऑफिसला जायचं, आणि परत येईपर्यंत कॉम्प्युटर हँग. रोज!

आज घरी होतो म्हणून कळलं. दुपारी आई आली आणि तिने चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर जुन्या साडीचं कव्हर घातलं. मिक्सरला घालते तसं. "धूळ बसते रे." रोज मी यायच्या आधी काढून, घडी करून ठेवायची, म्हणून मला पत्ताच नाही.

मी ओरडलो, "हवा कोंडून तापतो तो, म्हणून बंद पडतो!" "तुला काय कळतं त्यातलं?" असंही बोललो. का बोललो? ती आत गेली. वाटलं, रडत असेल. तासाभराने नवं कव्हर घेऊन आली. जुनी मच्छरदाणी कापून शिवलेलं, मागे पंख्यापुरतं भोक ठेवलेलं.

"हे झबलं घाल त्याला. आता उकडणार नाही."

ते घालून चार तास झाले, टेस्ट एकदाही अडकलेली नाही. सॉरी अजून म्हटलेलं नाही, जेवताना म्हणेन. तापमान बघायला उठतो आणि झबल्याची शिलाईच बघत बसतो. एवढं बोललो तिला, तरी एक टाका वाकडा गेलेला नाही.