खुराड्याचं दार

४ नोव्हेंबर

आल्या एकदाच्या! चार कोंबड्या, आणि चारही एकजात भित्र्या. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या, पायाखाली माती कधी आलीच नाही. मी नुसती शिंकले तर खुराड्यात पळापळ, पिसंच पिसं. देणारी बाई म्हणाली, "आठवडाभर आतच ठेवा. मग संध्याकाळी सोडा, अंधार पडायच्या जरा आधी, आणि उपाशी. म्हणजे आपसूक घरात येतात." आठवडाभर! मला आणि तेवढा धीर!

ह्यांनी खुराड्यासमोर स्टूल मांडलं आणि बसले. "अगं, ह्या कोणाच्या?" आपल्याच, म्हटलं. जरा वेळाने परत — "अगं, ह्या कोणाच्या?" तुमच्या सासूबाईंच्या, म्हटलं. हसले. अजून हसतात, हे बरं.

५ नोव्हेंबर

मुलाचा फोन. कोंबड्या कशाला, हा एक प्रश्न. बाबांचं काय ठरवलंस, हा दुसरा. त्याने वृद्धाश्रमात जागा बोलून ठेवलीय. स्वच्छ आहे, नर्स आहेत, बागसुद्धा आहे म्हणे. बाग आमच्याकडेही आहे, म्हटलं. शेवटी नेहमीचंच — "आई, तुला ओळखतात तोवर ठेव घरी. ज्या दिवशी तुला ओळखणार नाहीत, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार. मग हट्ट चालायचा नाही."

कबूल केलं. न करून सांगते कुणाला! त्याचं खोटं नाही. त्यालाच विसरले, सुनेला विसरले, सख्ख्या भावाला परवा "साहेब" म्हणाले. पण मी म्हणजे "अगं". ते "अगं" ऐकू येतं तोवर मला कसली भीती नाही. पण भीती वाटते. रोज सकाळी त्यांनी तोंड उघडेपर्यंत वाटते.

७ नोव्हेंबर

कोंबड्या कोपऱ्यात, हे स्टुलावर. दोन्ही पार्ट्या दिवसभर एकमेकांकडे बघत बसतात. माझ्या हातून ताटली पडली की त्यांचा जीव जातो, ह्यांच्याकडे मात्र मान तिरकी करून बघणार! दाणे मी घालते, पाणी मी बदलते, घाण मी काढते. आणि लाडीगोडी ह्यांच्याशी.

८ नोव्हेंबर

नको तो शहाणपणा केला. आज सकाळीच सोडल्या, आणि तेही पोटभर खायला घालून! ऊन छान पडलं होतं, म्हटलं त्यांनाही बरं वाटेल. तीन जणी बाहेर आल्या, माती बघून बावरल्या. तेवढ्यात मी कौतुकाने टाळ्या वाजवल्या — झालं! एक लिंबाच्या झाडावर, एक शेजारणीच्या भिंतीवर, एक फाटकाखालून थेट रस्त्यावर. मी फाटक उघडून तिच्या मागे. केस सुटलेले, हातात खराटा. शेजारीण गच्चीतून ओरडतेय, "अहो, तुम्ही पळताय म्हणून ती पळतेय!" गटाराच्या काठाशी पकडली एकदाची.

परत आले तर स्टूल रिकामं. फाटक सताड उघडं.

कोंबडी काखेत तशीच धरून हाका मारत सुटले. रस्त्यावर नाहीत, घरात नाहीत, मोरीत नाहीत. मग खुराड्यामागून आवाज आला. उकिडवे बसून, जाळीला तोंड लावून बोलत होते. चौथी आतच राहिली होती ना, तिच्याशी. "आत किती जण आहात? घाबरू नका, मी आलोय. दार ओढू नका, मी उघडतो."

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या ह्यांनी. मध्येच अडकलेल्या माणसांशी बाहेरून असंच बोलायचे, मग आतली रडारड थांबायची. आज कोंबडी थांबली. थांबली, आणि हळूच फळीवरून उतरून बाहेर आली! मी तिथंच रडायला लागले.

"अगं, रडतेस काय? सगळे सुखरूप निघाले."

झाडावरची मात्र संध्याकाळपर्यंत उतरली नाही. शिडी लावली.

९ नोव्हेंबर

गुडघा सुजलाय. फाटकाला कुलूप आणलं.

१३ नोव्हेंबर

आज रीतसर. उपाशी ठेवल्या, ऊन उतरू दिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, टाळ्या नाहीत, "या या" नाही. दार ह्यांनी उघडलं आणि स्टुलावर बसून राहिले. ह्यांना कुठं जायची घाई नाही, कशाची आठवण नाही. कोंबड्यांना बहुतेक तेच आवडतं. चौघी उतरल्या. एकीने पायाने माती उकरून बघितली, दचकली, परत उकरली. मग काय विचारता! माझी कोथिंबीर गेली. गेली तर गेली.

अंधारायला लागलं तशा एकामागून एक आत गेल्या. कुणी हाकललं नाही. मी खिडकीत उभी राहून बघतच राहिले.

१६ नोव्हेंबर

मुलाचा फोन. "ओळखतात ना?" अरे, कालच भाजीत मीठ नाही म्हणून ओरडले माझ्यावर, म्हटलं. परक्या बाईवर कोण ओरडतं!

१९ नोव्हेंबर

कोंबड्या आत गेल्या, मी कडी लावली. हे स्टुलावरून उठले. "बाई, फार केलंत आज. आता निघा तुम्ही. घरी वाट बघत असतील."

घरी कोणी नाही, म्हटलं.

जरा विचार केला त्यांनी. "मग राहा की इथंच. आमची ही जरा तापट आहे. पण तुम्हाला नाही म्हणायची नाही, माया आहे तिच्यात."

जेवणं झाल्यावर फोन आला. "आई, बाबा ओळखतात ना तुला?"

"चांगलेच ओळखतात," म्हटलं.