टोलर्स क्रीकचा दगड

सेल्मा, अलाबामा
शनिवार, १५ जून

प्रिय आई,

बरी आहेस ना? गुडघ्यांना रोज तेल लाव. शेजारच्या मिसेस ओडमना सांगून ठेवलंय, त्या अधूनमधून डोकावतील. त्यांना दारातूनच परत पाठवू नकोस.

आमची नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागांची सहल छान चाललीय. बस थंडगार आहे, मुलं गुणी आहेत, म्हणजे चर्चची मुलं असतात तेवढी. सहलीचे म्होरके ब्रदर क्लिफ्टन, त्यांच्या हाती माईक आला की सुटत नाही. परवा मॉन्टगोमेरीत म्हणाले, "पोरांनो, तुमच्या आज्यांनी गोऱ्यांच्या मागं बसायचं नाकारून वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही आणि इतिहास घडवला. तुम्हाला बसमधून खाली उतरवायला मला पाया पडावं लागतंय."

मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्यांना पोलिसांनी जिथं झोडपलं, तो सेल्माचा पूल आज सकाळी चालून ओलांडला. नाइला सगळ्यांच्या पुढे. तुझी नात अगदी तुझ्यासारखी चालते, मान ताठ, हात मागे. मध्यावर खाली नदी दिसली. काही नाही, संथ मातकट पाणी. मी मात्र कठडा धरून उभी राहिले. मुलांना वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला.

हवा फार दमट आहे. जेवण चांगलं आहे.

आई, खरं सांगायचं ते इथून पुढे आहे. तू आता बसून घे.

आम्ही फक्त मोठ्या शहरांत जाणार, असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आज दुपारी आमची बस तुझ्या गावाला, टोलर्स क्रीकला गेली.

तू ऑपरेशनच्या आधी मला एकदाच सांगितलं होतंस. होझिया टार्व्हर घरोघर जाऊन काळ्या लोकांची नावं मतदानासाठी नोंदवायचे. गावच्या गोऱ्या दुकानदार हॅगूडच्या मुलानं त्यांना मारून नदीत ढकललं, ते तू पाहिलंस, आणि तू पाहिलंस हे त्यानं पाहिलं. मग आजोबांनी तुला चुलत बहिणीचं नाव देऊन उत्तरेच्या गाडीत बसवलं, तुझे बूट नदीकाठी ठेवले, आणि पोर बुडाली म्हणून गावभर रडत फिरले. पुन्हा विचारायचं नाही, असं तू म्हणालीस. मी विचारलं नाही. नाइलाला तर यातलं काहीच ठाऊक नाही. पण सहलीच्या कार्यक्रमात त्या गावाचं नाव दिसलं, आणि मला नको म्हणता आलं नाही.

गावात शिरताच बस डिझेलसाठी थांबली. दुकानावर पाटी होती: हॅगूड. दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता, धुतलेला शर्ट, गुळगुळीत दाढी. त्यानं नाइलासाठी दार धरलं.

"उन्हात कशाला उभी राहतेस पोरी? आत गार आहे. कुठून आलात?"

"डेट्रॉइटहून."

"अरे बापरे! इतक्या लांबून? इथं बघण्यासारखं काय आहे?"

"ते बघायलाच आलोय, सर," नाइला म्हणाली.

तो मनापासून हसला. मी नाइलाचा दंड धरून तिला बसमध्ये नेलं. "काय गं मम्मा, दुखतंय ना!" ती ओरडली. बोटांचे वळ उठले होते. तो तोच होता की त्याचा भाऊ, मला माहीत नव्हतं. विचारणार कोणाला?

चर्चच्या अंगणात त्या लढ्यात मेलेल्यांच्या नावांचा एक दगड आहे. येणाऱ्या प्रत्येक गटातल्या एका मुलानं त्यावरची नावं वाचायची आणि बाकीच्यांनी मेलेल्यांच्या वतीनं "हजर!" म्हणायचं, अशी तिथली रीत. आवाज खणखणीत म्हणून नाइलाला पुढे केलं.

"होझिया टार्व्हर."

"हजर!"

"ऑर्थेलिया मिनिफील्ड, वय पंधरा."

सगळे म्हणाले, "हजर!" आई, तुझ्या नातीनं तुझं नाव दगडावरून वाचलं आणि कोणा तिऱ्हाइताचं वाचावं तसं वाचून दगडापासून बाजूला झाली.

सगळ्यांत मोठ्यानं "हजर" म्हणाली ती गवती टोपी घातलेली एक म्हातारी. नंतर चर्चच्या तळघरात तीच पानात मासे वाढत होती. नाइलापाशी येऊन थांबली.

"तुझी माणसं कोण, बाळ?"

"डेट्रॉइटची."

"डेट्रॉइटला माणसं उगवत नाहीत गं, तिथं ती जातात. त्याआधीची कुठली?"

"आम्हाला ठाऊक नाही, बाई," मी मध्येच म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नाइलाकडे, आणि नाइलाच्या पानात अजून एक तुकडा घातला. स्वयंपाकघरातून कोणीतरी हाक मारली, "मिस बर्नाडीन, पाव संपला!"

बर्नाडीन. तुझी धाकटी बहीण. तू तिला कडेवर घेऊन कापसाच्या शेतात न्यायचीस, ती.

उद्या आम्ही त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला जाणार आहोत. पाहुण्यांना उभं करतात, तुला ठाऊकच आहे: नाव सांगा, गाव सांगा, माणसं सांगा. तुला फोन करावा असं दहादा वाटलं. पण असलं फोनवर बोलायचं नाही, हे तूच शिकवलंस. नाव उघड केलं तर तुझ्या दारात कोण येईल? नाही केलं तर ती बाई दगडाशी फुलं ठेवत मरेल. तुझ्या नावाचा निर्णय मी कोण घेणार?

रविवार, बसमध्ये

मला उभं केलं. "मी लव्हॉन. डेट्रॉइटहून आलेय."

"आणि तुमची माणसं?" पास्टरनी विचारलं.

मागच्या बाकावर हॅगूडकडचं कोणी नव्हतं, असणारही नव्हतं. तरी मी वळून पाहिलं. "माझी आई थकलीय," मी म्हटलं. "तिच्यासाठी प्रार्थना करा." आणि बसले.

बाहेर पडले तर बर्नाडीन झाडाखाली उभी.

"नाव न सांगता प्रार्थना मागितलीस. देवाला पत्ता कसा कळायचा?"

मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

"नको बोलूस. मीच बोलते. तुझी पोर मान ताठ, हात मागे अशी चालत आली, तेव्हाच मी ओळखलं." ती दगडाकडे पाहत होती. "बाबांनी मरताना मला सांगितलं, ती गेली नाही, गाडीत बसली. कुठं, ते सांगितलं नाही. पण बूट सापडले, अंग सापडलं नाही, म्हणून हॅगूडची माणसं पुढंही विचारत राहिली. मग दगड उभा करायचं ठरलं, तेव्हा मी हट्टानं तिचं नाव घालायला लावलं. त्यांचा बुटांवर विश्वास बसला नव्हता, दगडावर बसला. तुमच्यासारख्या बसगाड्या येतात, नाव वाचून जातात. जितके वाचणारे, तितकी ती पक्की मेलेली."

"आणि तुम्ही 'हजर' का म्हणता?"

"आहे म्हणून."

मला रडू आवरेना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रडू नकोस, लोक बघताहेत. दुकानाच्या दाराशी बसतो ना, तोच तो. तो आधी जाईल आणि मग मी तिला शोधीन, असं ठरवलं होतं. पण म्हातारा चिवट आहे." मग अगदी हळू विचारलं, "अजून तशीच रागीट आहे का गं?"

"हो," मी म्हटलं. "मावशी."

आई, त्यानंतर ती घरी जाऊन पर्स आणि टोपी घेऊन आली आणि सरळ बसमध्ये चढली. ब्रदर क्लिफ्टन म्हणाले, "बाई, ही बस डेट्रॉइटला जाते."

"ठाऊक आहे रे मुला. आधीच उशीर झालाय, हल जरा."

दुकानावरून जाताना म्हाताऱ्यानं हात केला. सगळ्याच बसना करत असेल. मावशीनं मान वळवली नाही, पण शेजारी बसलेल्या नाइलाचा हात इतका घट्ट धरला की नाइलानंच विचारलं, "काय झालं?" मग मावशीनं तिला सांगितलं. सगळं. नाइला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे काल मी आजीला मेलेली म्हणून वाचलं?"

गाव सुटल्यावर एक पांढरी गाडी बराच वेळ आमच्या मागून येत होती. मग एका फाट्यावर वळली. कोणी मासे धरायला निघालं असेल. मावशी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून बसली होती.

हे पत्र उद्या बर्मिंगहॅमला पेटीत टाकते. अजून मेम्फिस राहिलंय. शुक्रवारी पोचू, पत्र बहुधा आधी पोचेल. तुझं जुनं नाव मी पहिल्यांदाच लिहिलंय. वाचून झालं की जाळून टाक, हवं तर.

काल मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटत होती. आज तुझी वाटतेय. तू साखळी लावून फटीतून म्हणशील, त्या नावाचं इथं कोणी राहत नाही. म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही. पण मावशी पायरीवर बसून राहील, आणि एका दिवसात मला एवढं कळलंय की ती उठणार नाही.

शुक्रवारी दारावर थाप पडेल ती तिची असेल. मी पायरीखाली उभी राहीन.

भेदरलेली, तुझीच,
लव्हॉन