आई नॉर्वेला गेली तेव्हा

बर्गन, नॉर्वे
१० जानेवारी १९८२

चि. परशराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. यशोदेला दिवस गेलेत हे वाचून हॉस्पिटलच्या जेवणघरात एकटीच हसत बसले. शेजारची नर्स विचारायला लागली, काय झालं. मी आत्या होणार, हे तिला सांगायला मला इथल्या भाषेत चार वाक्यं लागली.

आता मुद्द्याचं. नऊ वर्षं झाली मला इथं येऊन. दर वर्षी म्हणते पुढच्या उन्हाळ्यात, आणि उन्हाळा निघून जातो. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. जून-जुलैत मी सलग रजा मागितली आहे आणि मिळाली आहे. आई-आप्पांना दोन महिने इकडे आणायचं. इथून बोटीनं चार तासांवर एक खेडं आहे. दोन उंच डोंगरांच्या मधे समुद्र आत शिरलेला, त्याला इथं फ्योर्ड म्हणतात. काठावर एक लाकडी घर मैत्रिणीच्या ओळखीनं मिळालं आहे. जूनमध्ये तिथं रात्री अकरापर्यंत उजेड असतो. धूर नाही, धूळ नाही. आप्पांची छाती त्या हवेत मोकळी होईल असं मला सारखं वाटतं. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पोती वाहून त्यांनी जो खकाणा छातीत भरून घेतला, तो मला त्यांच्या पत्रातसुद्धा ऐकू येतो. तू लिहून घेतोस आणि मधेच ओळ तुटते, तिथं ते खोकले असणार.

पासपोर्टच्या कामाला आजपासून लाग. शाळा-शाळा म्हणून टाळू नकोस. ती. आई-आप्पांना माझा जयभीम. यशोदेला जड उचलू देऊ नकोस.
माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
सुलाआक्का

निपाणी
३ फेब्रुवारी १९८२

ती. सुलाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी तीनदा वाचायला लावलं. आई म्हणाली, अकरापर्यंत सूर्य मावळत न्हाय तर दिवा कवा लावायचा आणि माणसं जेवत्यात कवा? आप्पा तिला म्हणाले, तू जेवान कर, सूर्य त्याचं बघून घेतोय.

पासपोर्टसाठी आप्पांची जन्मतारीख हवी. त्यांना एवढंच ठाऊक की ते जन्मले तेव्हा वेदगंगेला मोठा पूर आलता. तो अर्जात लिहिता येत नाही. शेवटी एक जून लिहिली. आता ते सगळ्यांना सांगत फिरतात की माझा वाढदिवस नॉर्वेत. आईच्या फोटोत दोन्ही वेळेला डोळे मिटलेले आले. फोटोवाला वैतागला, तेव्हा ती म्हणाली, एवढा उजेड तोंडावर मारल्यावर कोण डोळं उघडं ठेवंल?

माझ्या शाळेतला नकाशा आप्पा रविवारी घरी आणायला लावतात. निपाणीवर एक बोट, बर्गनवर एक बोट. मधल्या देशांची नावं पाठ केली आहेत. खोकला आहेच. जिना चढताना दोनदा थांबतात. पण उत्साह असा आहे की आम्हालाच दम लागतो.
सगळ्यांची आठवण असू दे, आम्हाला तुझी आहेच.
तुझा,
परशराम

निपाणी
१९ एप्रिल १९८२

ती. सुलाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. हे पत्र लिहायला चार दिवस लावले. पासपोर्ट आले, दोन्ही. पण विमानाआधी एकदा छाती दाखवावी म्हणून आप्पांना बेळगावला नेलं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, बराच वेळ उजेडासमोर धरून बघितला आणि आप्पांना बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाले, विमानात बसवायचं नाही. वरच्या हवेत यांचा श्वास पुरणार नाही. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, पावसाळा निघाला तर पुष्कळ.

आप्पांना मी अर्धंच सांगितलं, पण ते ओळखतात. परतताना एसटी थांबली. संकेश्वरला चहा घेतला आणि म्हणाले, तुझी आई जाणार. मी म्हटलं, आप्पा, ती तुम्हाला सोडून कशी जाईल? तर म्हणाले, ते माझ्यावर सोड.

घरात आठ दिवस भांडण चाललंय. आई म्हणते, मी हलणार न्हाय. आप्पा म्हणतात, मग मी औषध घेणार न्हाय. आणि खरंच घेत नाहीत. काल आईनं हार मानली. तू नर्स आहेस, तुला माझ्यापेक्षा कळतं. काय करायचं ते कळव.
तुझा,
परशराम

बर्गन
१ मे १९८२

चि. परशराम यास,
अनेक आशीर्वाद. सगळं रद्द कर असं लिहिलेलं पत्र मी फाडून टाकलं. त्याच दिवशी आप्पांचं वेगळं पत्र आलं, त्यांच्या हातचं, वाकड्या अक्षरांचं. प्रौढांच्या वर्गात शिकलेली ती अक्षरं. लिहिलं आहे, सुला, तुझी आई नऊ वर्षांची होती तवापासून वखारीत बसली. तू झालीस तवा सहा दिवस आणि परशा झाला तवा चार दिवस, एवढीच तिची सुट्टी. तिला दोन महिनं दे. माझं मागणं एवढंच.

त्यांचं मागणं मोडवत नाही. कोल्हापूरचं एक कुटुंब इथं असतं, ते सुट्टीवरून ८ जूनला परत निघताहेत. आईला त्यांच्याबरोबर पाठव. आप्पांना उशाला उंच करून झोपव, वाफ दे, खोलीत चुलीचा धूर येऊ देऊ नकोस. काही कमी-जास्त वाटलं तर तार कर, मी आईला घेऊन पहिल्या विमानानं निघेन.
तुझ्यावर सगळं टाकते आहे, हे मला कळतं. राग धरू नकोस.
तुझी,
सुलाआक्का

बर्गन
२६ जून १९८२

चि. परशराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन आठवडे आम्ही त्या खेड्यात राहून आलो. आईबद्दल किती लिहू!

पहिले दोन दिवस ती दाराशीच बसून होती. फ्योर्डचं पाणी बघून म्हणाली, एवढं पाणी आणि एक बाई घागर घेऊन न्हाय. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी लोकर विंचरत होती, आई तिच्याशेजारी जाऊन बसली आणि काम हातात घेतलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला नॉर्वेजियन. दोघी दिवसभर बोलत होत्या. दिवस मावळल्याबिगर अंथरूण टाकायचं न्हाय, असा तिचा हट्ट, त्यामुळं मला जांभया आणि तिला गप्पा. नऊवारीवर माझा जाड स्वेटर घालून ती टेकडीवर चढते, आणि मी मागं राहते.

परवा, गुरुवारी, आम्ही नावेतून पलीकडच्या धबधब्याखाली गेलो. तुषार अंगावर आले तशी ती लहान मुलीसारखी हसायला लागली. थांबेचना. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, परशा. तू पाहिलंस का?

मग एकदम म्हणाली, हे त्यास्नी दावायला पायजे हुतं. तिनं आप्पांना विचारायला सांगितलंय, औषध येळेवर घेता न्हवं? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिही.
आप्पांच्या पायांना माझा आणि आईचा हात लागू दे.
तुझी,
सुलाआक्का

निपाणी
२७ जून १९८२

ती. आक्कास आणि ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. आईच्या पोहोचल्याचं पत्र मिळालं. आप्पांना वाचून दाखवलं होतं, त्यांना फार बरं वाटलं.

आप्पांचा खोकला गुरुवारपासून थांबला आहे. धापही नाही. त्यांना आता कसला त्रास नाही. आईनं त्यांची काळजी करू नये. घरात माणसांची ये-जा आहे, गल्लीतले सगळे येऊन बसतात. मी शाळेतून आठ दिवस रजा घेतली. यशोदा थकली आहे, पण ठीक आहे. पाऊस चांगला आहे.

आईनं सगळं डोळे भरून बघावं. हे आप्पांचं सांगणं आहे, त्यांच्याच शब्दांत लिहितो: घाई करू नको म्हणावं.
जास्त लिहीत नाही.
तुझा,
परशराम

बर्गन
९ जुलै १९८२

चि. परशराम यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आम्ही दोघींनी गोड शिरा केला. खोकला थांबला! आमच्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले कधी कधी असा उतार पडतो. आई तर इतकी निवांत झाली आहे की आप्पांसाठी लोकरीचे पायमोजे विणायला बसली. खेड्यातल्या त्या म्हातारीनं शिकवलं आहे.

आप्पांच्या काळजीनं आईला जुलैच्या मध्यालाच परत धाडायचं माझ्या मनात होतं; पण आता ठरवलं आहे, आप्पांना बरं आहे तर तिला आणखी पंधरा दिवस ठेवून घेते. दोन ऑगस्टला ती मुंबईला उतरेल. तू विमानतळावर ये. आप्पांना म्हणावं, पंधरा दिवस उसने दिलेत, रागावू नका.
तुम्हा सगळ्यांची ओढ लागली आहे.
तुझी,
सुलाआक्का

निपाणी
७ ऑगस्ट १९८२

ती. सुलाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. आक्का, बसून वाच.

आप्पा २४ जूनला, गुरुवारी सकाळी गेले. दुपारी माती दिली. मी तुला तार केली नाही.

आई निघाली त्याच दिवशी आप्पांनी मला समोर बसवून माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हणाले, मला काय झालं तर तिला परत बोलवायचं न्हाय. मातीला ती पोचणार न्हाय, नुसती विमानभर रडत यील. तिची सुट्टी माझ्या मरणापायी मोडायची न्हाय. मी नाही म्हणत होतो. ते हात सोडेनात. शेवटी मी व्हय म्हटलं.

माझ्या त्या पत्रात खोटं एकही वाक्य नाही. आठ वेळा फाडून लिहिलं. पण ते पत्र खोटं होतं, हे मला माहीत आहे. तू पंधरा दिवस वाढवलेस तेव्हा पोस्टाच्या दारापर्यंत गेलो, तारेचा फॉर्म भरला, आणि परत आलो.

मुंबईला आई उतरली ती हसतच. मी पुण्याला सांगायचं ठरवलं, मग साताऱ्याला. ती वाटभर आप्पांना काय काय सांगायचं ते मला सांगत होती, विसरायला नको म्हणून. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, कवा? मी तारीख सांगितली. तिनं बोटांवर दिवस मोजले. म्हणाली, त्या दिशी मी नावंत बसून हसत हुते.

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मला क्षमा कर असं लिहायचं धाडस नाही.
तुझा,
परशराम

बर्गन
१९ ऑगस्ट १९८२

परशराम,
रोज मी कुणाच्या तरी मुलीला, मुलाला, बायकोला सांगते की तुमचं माणूस गेलं. जवळ बसवून सांगते. पाणी देते. परक्या भाषेत सांगते. माझ्या माणसाचं मला माझ्या भाषेत कुणी सांगितलं नाही.

खोकला थांबला, धाप नाही, घरात माणसांची ये-जा आहे. नऊ वर्षं नर्स असून मला ते वाचता आलं नाही. शिरा केला मी. आईला खायला घातला. तू आप्पांचा शब्द पाळलास, पण ते आमचेही होते. रडायचं कधी हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत.

मला पत्र लिहू नकोस.
सुला

निपाणी
१२ डिसेंबर १९८२

ती. सुलाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून चार महिने लिहिलं नाही. ऑगस्टच्या अखेरीस मुलगी झाली तेव्हाचं कार्ड यशोदेनं टाकलं होतं, मिळालं असेल. आज लिहितो आहे ते आईनं सांगितलं म्हणून.

एवढे दिवस आई यशोदेशी बोलायची, बाळाशी बोलायची. मी घरात आलो की गप्प. ताट यशोदा वाढायची. आज रविवार. मी पायरीवर उन्हात बसून शेंगा फोडत होतो. आई आली, शेजारी बसली, दोन शेंगा उचलल्या आणि म्हणाली, सांग.

काय, असं मी विचारलं नाही. सांगायला लागलो. तुलाही तेच सांगतो, आक्का, कारण तुलाही मी ते सांगितलेलं नाही.

त्या सकाळी आप्पांनी मऊ भात दोन घास खाल्ला. मग म्हणाले, दाढी कर. मी त्यांच्या तोंडाला त्याआधी कधी हात लावला नव्हता. गालाची कातडी ताणून धरावी लागत होती, आणि ते डोळे मिटून, लहान पोरासारखं तोंड वर करून बसले होते. झाल्यावर गालावरून हात फिरवून म्हणाले, बरी झाली. मग विचारलं, तिथं किती वाजलं असतील. मी हिशेब करून सांगितलं, साडेसहा. म्हणाले, उठली असंल. तिला अंथरुणात पडायची सवय न्हाय. मी वस्तरा धुवायला परसात गेलो. परत आलो तर भिंतीला टेकले होते आणि ओठ हलत होते. मी चमच्यानं पाणी घातलं. दोन चमचे गिळले. तिसरा तसाच बाहेर आला. यशोदा शेजाऱ्यांना बोलवायला धावली. दुखलं नाही त्यांना. हे मी शपथेवर सांगतो.

आईनं हातातल्या दोन्ही शेंगा फोडल्या. मग म्हणाली, सुलाला लिही, ह्याच्यावर राग धरू नको म्हणावं. ह्यानं बापाचं ऐकलं. माझा राग त्येंच्यावर हाय. रोज भांडतो आमी, अजून मिटलं न्हाय. मिटंल तवा मिटंल.

मी बरं म्हटलं. ती उठायला लागली, आणि परत बसली. विचारलं, पाणी तू घातलंस? मी म्हटलं, व्हय. रडलास का तवा? मी म्हटलं, न्हाय. माणसं जमली, मातीचं बघायचं होतं, मग तुला पत्र लिहायचं होतं, मग तू यायची होतीस.

तिनं माझ्या हातातल्या शेंगा काढून घेतल्या आणि म्हणाली, मग आता रड.

आक्का, तू तिथं एकटी आहेस. तुला असं म्हणायला जवळ कुणी नाही, म्हणून मी लिहितो आहे. एक ओळ धाडलीस तरी पुरे. ती रागाची असली तरी चालेल.
तुझा भाऊ,
परशराम