थांबल्यासारखं दिसलं म्हणून

प्रिय वकील,

अक्षर बघून दुसऱ्या कुणाचं पत्र आहे असं समजू नकोस. माझंच आहे, डाव्या हाताने लिहिलेलं. थोरली म्हणाली, बाबा, हे माझ्या पहिलीतल्या अक्षरासारखं दिसतंय. मी हसलो, तीही हसली, आणि तिची आई उठून आत गेली. आमच्याकडे सध्या हसणं असं मध्येच तुटतं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. तुला वकील हे नाव उगाच नाही पडलं.

जखम भरली आहे. हात कोपराच्या खाली संपतो, पण नसलेली बोटं दुखतात. मूठ आवळून धरल्यासारखी वाटते आणि काही केल्या उघडत नाही. शर्टाची बटणं बायको लावते, भाकरी मोडून देते. कारखान्याने मला परत घेतलं आणि गेटवर बसवलं. तो हवा फेकणारा मोठा ब्लोअर अजून तिथेच आहे. त्याची घरघर गेटपर्यंत येते. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्याच्याबद्दल बोलायला लागलं की मला बघून विषय बदलतं.

आपल्याला तो लुकलुकणारा स्ट्रोबचा दिवा पहिल्यांदा मिळाला तो दिवस आठवतो? तू त्याच्यापुढे हातवारे करत नाचलास आणि तुकड्यातुकड्यांनी हलताना दिसलास. मग मशीनच्या शाफ्टवर खडूची रेघ मारली, तो फिरत असताना दिव्याची लुकलुक त्याच्याशी जुळवून वेग मोजला आणि रेघ स्थिर दिसताच आकडा साहेबांना सांगून मोकळे झालो. आकडा निघाला खऱ्याच्या निम्मा! दोन फेऱ्यांमागे एकदा उजेड पडला तरी रेघ थांबलेलीच दिसते, हे कुठे ठाऊक होतं आपल्याला? दोन रेघा दिसेपर्यंत लुकलुक वाढवत न्यायची आणि मग मागे यायचं, हे नंतर तूच शोधून काढलंस. त्यावरून साहेबांशी आठवडाभर वाद घातलास तो वेगळाच.

ती दुपारही मला लख्ख आठवते. ब्लोअर थरथरत होता. उत्पादन थांबवायचं नाही, चालू मशीनवरच बघा, असा हुकूम होता. आपण मोटर आणि ब्लोअर जोडणाऱ्या कपलिंगवरची जाळी काढली आणि त्या बाजूचे दिवे मालवले. तू स्ट्रोब धरून लुकलुकीचं बटण फिरवत होतास आणि मी वाकून बघत होतो. फिरतं कपलिंग हळूहळू मागे सरकताना दिसलं, मग जागच्या जागी उभं राहिलं. इतकं स्वच्छ की नटांवरचा गंज दिसत होता. एक नट जरा वर आल्यासारखा वाटला. आजूबाजूची सगळी मशीनं गरजत होती, त्यात याचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. ढिला आहे का बघावं म्हणून मी बोट पुढे केलं. वेदना कळलीच नाही आधी. तू दिवा टाकून मला मागे ओढलंस, एवढं आठवतं.

माझा जबाब घ्यायला आले तेव्हा मी गुंगीत होतो. जोडीदार सांगतो तसंच झालं ना, असं विचारलं, आणि मी म्हणे मान हलवली. तू काय सांगितलं होतंस ते मला कुणीच कळवलं नाही. मला भरपाई मिळाली, तुला काढून टाकलं. मला वाटलं, साहेबांनी वादाचा जुना राग काढला.

गेल्या आठवड्यात वहिनी तुझी राहिलेली हत्यारं न्यायला गेटवर आल्या. त्यांना पाणी दिलं, तर हातात पेला धरून रडायलाच लागल्या. "तुमचा हात गेला, पोरींच्या तोंडचा घास तरी जाऊ नये, म्हणून ह्यांनी ते अंगावर घेतलं," म्हणाल्या. मशीन बंद आहे, हात लावून बघ, असं तूच मला म्हणालास, हे तू लिहून दिलंस! आता कुठलाच कारखाना तुला दारात उभा करत नाही, तू गोदामात पोती उचलतोस, हेही कळलं. हे सगळं मी कसंबसं ऐकून घेतलं. पण जाता जाता त्या म्हणाल्या, "परवा मलाच विचारत होते, मी खरंच 'चालू आहे' असं म्हणालो होतो ना गं?"

म्हणून लिहितोय. आज सकाळी मी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. भरपाई कदाचित परत मागतील, गेटवरूनही उठवतील. बायकोने काल पाया पडून नको म्हटलं होतं. आज ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. तुला बोलावतील तेव्हा माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नकोस. दोस्ता, तू ओरडला होतास. "चालू आहे, हात नको!" एकदा नाही, दोनदा. मी ऐकलं होतं. मान वळवून तुला "हो रे" म्हणालोही होतो. आणि तरी माझा हात गेला पुढे, कारण ते थांबलेलं दिसत होतं.

तुझाच,
जोडीदार